खवल्याचा डावा हात

४ मार्च, सोमवार

ही डायरी वखारवाल्यानं लाकडाची मापं टिपायला दिली होती. पण आज जे काम अंगावर घेतलंय ते नुसत्या मापांत मावणार नाही, चार ओळी जास्त लिहाव्या लागतील. मला एक गाव बांधायचं आहे. साठ घरं, बाजार, शाळा, पूल आणि पाण्याची टाकी. सगळं गुडघ्याएवढं. आणि बांधून झालं की माझाच धाकटा भाऊ ते तुडवणार आहे.

सिनेमा आहे, अजस्र जनावराचा. अंगभर खवले, म्हणून नाव खवल्या. पहिल्या कागदावर तो समुद्रातून येत होता. समुद्र परवडेना म्हणून तळ्यातून यायला लागला. आज कळलं की विहिरीतून येणार. एवढं धूड मावेल ती विहीर केवढी, असं मी विचारलं, तर दिग्दर्शक म्हणाले, "जुळवून घ्या हो." ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतात. आमच्या घरात त्यांचं नाव जुळवासाहेब पडलंय.

ते आले होते माझ्या सुतारी दुकानात पलंग बघायला. त्यांनी बारक्याला जिन्यात पाहिलं आणि पलंग विसरले. आई त्याला बारक्या म्हणायला लागली तेव्हा तो टोपलीत मावायचा. आता सहा फूट दोन इंच आहे, तीन दारांचं कपाट पाठीवर घेऊन तीन मजले चढतो, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. कातडं बायकोनं शिवायचं, गाव मी बांधायचं, आत बारक्या. अख्खं घर एका जनावराच्या पोटात गेलंय.

७ मार्च, गुरुवार

बायकोच्या शिवणयंत्रावरून शाळेचे गणवेश हटले आणि खवल्या चढला. आत जुन्या गाद्यांचा कापूस, वर पोत्याचं कापड, त्यावर सायकलच्या ट्यूबचे खवले. हजारभर तरी असतील. दोन सुया मोडल्या, तोंडानं तिसरी मोडेल इतकं बोलून झालं.

पाठीला चेन लावली तर ती कॅमेऱ्यात दिसते. म्हणून बारक्याला आत घालायचा आणि पाठ दर वेळी जाड दोऱ्यानं शिवून टाकायची. हे ऐकल्यावर ती थांबली.

"म्हणजे तो आपला आपण बाहेर येऊ शकणार नाही?"

"आपण आहोत की बाहेर काढायला."

"आतून ओरडला तर ऐकू येईल?"

ताडून बघितलं. बारक्याला खोळीत घातलं, वर डोकं चढवलं आणि सांगितलं, ओरड. शेजारच्या खोलीत कुणी पुटपुटावं एवढंच ऐकू आलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "वहिनी, मी अख्खं गाणं म्हटलं."

मी हसलो. ती हसली नाही. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा बारक्या नऊ वर्षांचा होता, आई जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या बाबतीत तिच्याशी थट्टा चालत नाही. तिनं खूण ठरवली. डावा हात डोक्यावर, तीनदा. कुठलंही जनावर असं करणार नाही, म्हणजे बघणाऱ्याची चूक व्हायला नको. बाहीसुद्धा त्याच मापानं कापली, त्याला पाच-सहा वेळा हात वर करायला लावून.

"आणि तुम्ही फक्त याच्याकडे बघायचं. बाकी कशाकडे नाही. तुमच्या घरांकडे तर नाहीच."

"मी काय लहान आहे?"

"लहान नाही, सुतार आहात."

शब्द दिला. त्यात काय एवढं. डोळे तर आपलेच आहेत.

१२ मार्च, मंगळवार

गावाबाहेरच्या जुन्या कापसाच्या गोदामात चित्रीकरण आहे. वर पत्रा, खिडक्या काळ्या कापडानं बंद. माझी चाळीस घरं उभी राहिली. शाळेच्या फळ्यावर मी खडूनं गणितसुद्धा लिहिलंय, तांदळाएवढ्या अक्षरात. कॅमेरावाले काका भिंगातून बघून म्हणाले, "उत्तर चुकलंय." तेवढंच एक वाक्य बोलले, पण त्यांनी पाहिलं याचा मला आनंद झाला.

काकांनी आज एक गंमत समजावली. खेळण्यातलं घर पटकन पडतं, खरं घर हळू पडतं. म्हणून कॅमेरा चौपट वेगानं फिरवायचा. पडद्यावर मग एका सेकंदाचे चार सेकंद होतात आणि बारक्याचं पाऊल डोंगर सरकावा तसं पडतं. फक्त एक आहे, फिल्म इतक्या घाईनं धावते की तिला उजेड कमी पडतो. त्यामुळे दिवे दुपटीहून जास्त लागतात. जुळवासाहेबांनी कुठूनतरी आणखी अठरा दिवे जुळवले. सगळे लावले तेव्हा माझ्या पुलावरचा रंग फुगायला लागला. रंग बदलावा लागणार.

१४ मार्च, गुरुवार

पहिला दिवस झकास गेला. खवल्या विहिरीतून वर आला. विहीर म्हणजे माझ्या दुकानातलं मोठं पिंप, तळ कापलेलं.

बारक्याला एका वेळी सहा-सात मिनिटंच आत ठेवतो. बाहेर आला तेव्हा पायातून पाणी ओतलं, अक्षरशः ओतलं. म्हणाला, "दादा, आत कान वाजतात." मी म्हटलं, टाळ्या असतील, आत्तापासून सवय कर. संध्याकाळी जेवला नाही, नुसतं पाणी प्यायला आणि भिंतीला टेकून झोपला. भाऊ नट झाला म्हणजे नखरे आलेच.

१६ मार्च, शनिवार

साहेबांना पंजे पसंत पडेनात. म्हणाले, थंडीतले हातमोजे वाटतात. बरोबरच आहे, बायकोनं ते खरंच हातमोज्यांच्या मापावर शिवलेत. मी रात्रीतून शिसवी तुकड्यांच्या नख्या कोरल्या, प्रत्येक पंजाला चार. लटलट हलू नयेत म्हणून मुळाशी शिसं ओतलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत लाकडी पट्टी बांधली. काय दिसतात म्हणून सांगू. काकांनी दोनदा पाहिलं.

बायको आज नव्हती, गणवेशांची मुदत आहे. पाठ शिवायचं काम मीच केलं.

जेवणाच्या सुट्टीत मोठी करमणूक झाली. बारक्याचं नुसतं डोकं काढलं होतं आणि नाकावर माशी बसली. हा हात वर नेतोय, पट्टी कोपरात रुतते आणि नख्या हनुवटीपाशी येऊन अडतात. पुन्हा नेतो, पुन्हा अडतात. सगळे पोट धरून हसले. शेवटी मीच माशी उडवली. सोमवारी खवल्याचं मरण आहे. टाकी अजून रंगवायची आहे.

१९ मार्च, मंगळवार

काल लिहिलं नाही. आज हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर माझं मलाच लागत नाही.

झालं ते असं. काल सकाळी बारक्याला शिवून उभा केला. तोफा सुटणार, टाकी कोसळणार, खवल्या बाजारावर पडून मरणार, असं सगळं एकाच तुकड्यात घ्यायचं होतं, कारण टाकी एकच आहे. दिवे लागले आणि माझ्या लक्षात आलं की टाकी डावीकडे कललीय. अशी पडली असती तर कॅमेऱ्यात आलीच नसती. मी आत शिरून तिचे पाय सरळ केले, तार पुन्हा ओढली. दहा-बारा मिनिटं गेली असतील. बारक्याला उसवून बाहेर काढलं असतं तर परत शिवायला अर्धा तास, म्हणून तो आतच थांबला. दिवे लागलेलेच होते, मला दिसायला नको का?

मग सुरू झालं. स्फोट झाले, टाकी पडली. सुरेख पडली. खवल्या दोन-चार वेळा हातवारे करून झुलला, गुडघ्यावर आला आणि बाजारावर आडवा झाला. इतकं खरं वाटलं की आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. साहेब ओरडत होते, पडून राहा, धूर खाली बसू दे. तो पडून राहिला.

धूर खाली बसला तरी उठला नाही. मी हाक मारली, नख्या हलवून बघितल्या. मग पटाशीनं पाठ फाडली. आत बारक्या लालबुंद होता, अंग तव्यासारखं आणि घामाचा टिपूस नाही.  कपाटं वाहायच्या हातगाडीवर घालून आणलं.

बायको धावत आली. तिनं एकच विचारलं. "खूण केली नाही का त्यानं?"

"नाही," मी म्हटलं. "मी त्याच्याकडेच बघत होतो. हात डोक्यावर गेलाच नाही."

हे खरं आहे. टाकी पडली तेव्हा नजर अर्धा क्षण गेली असेल, पण हात डोक्यावर गेला असता तर दिसला असता.

२१ मार्च, गुरुवार

शुद्धीवर आला. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडांना धक्का बसलाय, जगेल, पण पुढे ओझं उचलायचं नाही, उन्हात काम करायचं नाही. ज्याच्या पाठीवर माझं दुकान चाललं त्याला ग्लास धरता येत नाही. मी बाहेर जाऊन रडून आलो.

बायकोनं चमच्यानं पाणी पाजलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पहिलं वाक्य बोलला ते हेच. "वहिनी, खूण करायची विसरलोच मी. गाढवपणा झाला."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. वाईट वाटलं त्याच्यासाठी, पण मनावरचं ओझं गेलं. तो स्वतःच म्हणतोय, मग संपलं. एवढी साधी गोष्ट कशी विसरला कोण जाणे.

 बायकोनं त्याचं तोंड पुसलं.

२५ मार्च, सोमवार

साहेबांना खवल्याचे दोन-चार तुकडे अजून घ्यायचे आहेत, नुसते पाय. त्यासाठी कातडं दुरुस्तीला घरी आलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, पण लग्न लागल्याशिवाय हा माणूस सोडायचा नाही. बायको कातडं उलटं करून बराच वेळ बघत बसली होती.

"पाठ तुम्ही फाडलीत. पण डाव्या काखेची शिवण कशानं उसवली?"

"पडला तेव्हा उसवली असेल."

"पडला तो उजव्या अंगावर."

मला काय माहीत. कापूस भरून शीव म्हटलं. ती पंजाच्या नख्या हातात घेऊन वजन बघत होती, मग खाली ठेवल्या.

२७ मार्च, बुधवार

हे लिहू की नको, तास झाला विचार करतोय.

फिल्म धुऊन आली. गोदामातच भिंतीवर चादर लावून साहेब, काका आणि मी बघायला बसलो. आवाज नाही, नुसतं चित्र. मरणाचा तुकडा लागला. मी आधी टाकीच बघितली, खोटं कशाला बोलू. टाकी संथपणे झुकली, पत्रे एकेक सुटले. मग ती खाली गेली आणि चित्रात उरला खवल्या.

त्याचा डावा हात वर येत होता. हळू, फार हळू. नख्या हनुवटीपर्यंत आल्या, तिथं थरथरल्या आणि खाली गेल्या. पुन्हा वर आल्या, आता गळ्यापर्यंत. खाली गेल्या. तिसऱ्यांदा छातीपर्यंतच आल्या. आणि तोंड पूर्ण वेळ कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूला वळलेलं. तिथं मी उभा होतो.

गोदामात ते चार सेकंदांत झालं होतं. चादरीवर सोळा सेकंद चाललं.   त्या शनिवारची माशी आठवली, आमचं हसणं आठवलं. खूण ठरली तेव्हा नख्या नव्हत्या. त्यानं तीनदा सांगितलं, दादा, मला काढ. आणि मी त्याला आडवा पडताना बघून टाळ्या वाजवल्या.

साहेब उठून उभे राहिले. "काय अभिनय केलाय हो पोरानं. सोन्यासारखा तुकडा आहे."

काकांनी मागे फिरवून पुन्हा लावला. पुन्हा सोळा सेकंद. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तीनदा का केलं त्यानं तसं? मोजून केल्यासारखं वाटतं."

"अभिनय," मी म्हटलं.

२८ मार्च, गुरुवार

बायको औषधं आणायला गेली तेव्हा बारक्याला विचारलं. सरळ विचारलं. तो छताकडे बघत राहिला.

"हात पोचलाच नाही दादा. मग तुला तरी काय कळणार?"

"मग विसरलो म्हणून का सांगितलंस?"

"नाहीतर वहिनीनं तुला विचारलं असतं. तू काय सांगितलं असतंस?" मग म्हणाला, "एकदा तुझी टाकी सरळ करून झाल्यावर मला वाटलं, आता हा माझ्याकडे बघेल. बघितलंस तू, पण खवल्या कसा दिसतो ते बघितलंस."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुढे म्हणाला, "तिला सांगू नकोस. घर चाललंय तसं चालू दे." आणि मी, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा, मान हलवली.

२ एप्रिल, मंगळवार

साहेबांकडे गेलो. म्हटलं, तो तुकडा काढा. ते म्हणाले, सगळा सिनेमा काढा म्हणा, तो नाही. का काढायचा ते मी सांगितलं नाही, आणि कारण न सांगता कुणी का ऐकावं? मूग गिळून परत आलो. येताना दोन वेळा वाटलं की परत जाऊन सांगावं. गेलो नाही.

१७ जून, सोमवार

बारक्या दुकानात बसून लाकूड घासतो. दोन्ही हातांनी पॉलिशपेपर धरतो, तरी हात थरथरतात. कपाटं चढवायला दोन हमाल लावलेत. तीन मजले त्यांना झेपत नाहीत, दर मजल्यावर टेकतात. तो खालून सांगतो, "डावीकडून घ्या." बायको माझ्याशी नेहमीसारखी बोलते. मधूनच बोलता बोलता थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. मी विषय बदलतो. 

९ ऑगस्ट, शुक्रवार

सिनेमा लागला. सकाळचा खेळ. बारक्या, मध्ये बायको, मग मी. तिला आणायला नको म्हणून मी आठवडाभर कारणं शोधली. तिनं एकच म्हटलं, "कातडं मी शिवलंय. मी बघणार."

विहीर बघून लोक हसले, पण गाव बघून गप्प झाले. माझं गाव खरंच गाव वाटत होतं. दुसरा कुठला दिवस असता तर मी चार इंच उंच झालो असतो.

मग तोफा सुटल्या.  टाकी झुकायला लागली तसा बारक्या बायकोच्या कानाशी वाकला आणि मलाही ऐकू येईल असं म्हणाला, "वहिनी, टाकी बघा. मागं, उजव्या कोपऱ्यात. दादानं काय बांधलीय बघा."

पाच महिने त्यानं हे ठरवून ठेवलं असणार. तिनं मान उजवीकडे वळवली. सुटलो, असं वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी किळस आली की तोंडून शब्द गेलेच.

"टाकीकडे बघू नकोस. त्याच्या डाव्या हाताकडे बघ."

जरा मोठ्यानंच बोललो असेन, पुढचा माणूस वळून बघायला लागला. ती पडद्याकडे वळली. नख्या हनुवटीपर्यंत आल्या.

"एक," ती म्हणाली.

नख्या गळ्यापर्यंत आल्या.

"दोन."

तिसऱ्या वेळी ती बोलली नाही. तिनं बारक्याचा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. खवल्या बाजारावर कोसळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अगदी आम्ही वाजवल्या होत्या तशाच.

बाहेर आल्यावर मी सगळं सांगितलं. माशी, नख्या, शिसं, टाकीची दहा-बारा मिनिटं, अर्धा क्षण गेलेली नजर, काकांना दिलेलं उत्तर. तिकिटाच्या खिडकीपाशी उभ्यानं सांगितलं, लोक धक्के देऊन जात होते. बारक्या मध्येच म्हणाला, "वहिनी, त्याचं काही..." तिनं त्याला नजरेनंच गप्प केलं.

"काखेची शिवण आतून उसवली होती," ती म्हणाली. "हात वर ओढल्याशिवाय तशी उसवत नाही. मला मार्चपासून माहीत आहे."

 पाच महिने ती माझ्यासमोर जेवायला बसत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"हा सांगणार नाही हे माहीत होतं. तुम्ही सांगता का ते बघत होते." तिनं डोळे पुसले, पदरानं नाही, हाताच्या पाठीनं, घाईत असल्यासारखे. "आज सांगितलंत. फार उशीर केलात."

समोरच्या बाजूला औषधांचं दुकान होतं. बारक्याच्या गोळ्या संपल्या होत्या. ऊन वाढलं होतं, म्हणून तिनं त्याला सिनेमागृहाच्या सावलीत पायरीवर बसवलं, पिशवीतून चिठ्ठी काढली आणि निघताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी येईपर्यंत याच्याकडे बघा. बाकी कशाकडे नाही."

वर भिंतीवर सिनेमाचं मोठं चित्र लावलेलं होतं आणि त्यात माझी टाकी आहे असं मागाहून बारक्यानंच सांगितलं. ती परत आली तोपर्यंत मी ते पाहिलं नव्हतं.